विश्लेषण : बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक कोणते? धोका अफूजन्य औषधांचा, की मेडिकलमधल्या गोळीचा?

पनवेलचा रुग्ण वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया नवी मुंबईत करून घेवो की मुंबईत, दुर्बिणीतून झालेली असेल तर साधारण दोन-तीन दिवसांत तो घरी येतो. पोटावर चार-पाच छोटी छिद्रे आणि हातात औषधांची चिठ्ठी. पोट दुखू लागले की घरातले कुणीतरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाते आणि ‘दुखण्याची गोळी’ मागते. खरी काळजी इथे आहे.

अफूजन्य औषधे टाळतात का?

मॉर्फिन, फेंटानिल ही औषधे वेदना मारतात, पण श्वासही मंदावतात. अतिलठ्ठ रुग्णांपैकी अनेकांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास, म्हणजे स्लीप ॲप्निया असतो; घरचे त्याला नुसते घोरणे समजतात. अशा रुग्णाला रात्री मॉर्फिन देणे जोखमीचे. शिवाय मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते ती वेगळीच.

मग पर्याय काय?

एकाच औषधाचा मोठा डोस देण्याऐवजी वेगवेगळ्या मार्गांनी वेदना अडवणे, ही आता रुळलेली पद्धत आहे. ठरावीक वेळेला पॅरासिटामॉल, छिद्रांच्या जागी बुपिव्हाकेनसारखे बधिर करणारे औषध, सोनोग्राफीत पाहून पोटाच्या स्नायूंच्या थरात दिलेला ‘टॅप ब्लॉक’; भूल देतानाच डेक्समेडेटोमिडिन किंवा केटामाइनचा अल्प डोस. खांदा दुखतो तो बहुधा पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. त्यावर लवकर उठून चालण्याचा उपयोग होतो.

अमेरिकेच्या औषध नियामकाने जानेवारी 2025 मध्ये सुझेट्रिजिन या नव्या प्रकारच्या बिगर-अफू गोळीला मान्यता दिली. तिचा गाजावाजा बराच झाला. मात्र तिच्या मुख्य चाचण्या पोटाची सैल त्वचा काढण्याच्या आणि पायाच्या अंगठ्याच्या शस्त्रक्रियेनंतर झाल्या, बेरिॲट्रिकनंतर नव्हे. हायड्रोकोडोन-पॅरासिटामॉलपेक्षा ती सरस ठरली नाही, हेही लक्षात ठेवावे.

अमेरिकेची भीती जशीच्या तशी आणावी का?

नाही. तिथे 2022 मध्ये ओपिऑइडच्या अतिमात्रेने 80 हजारांहून अधिक मृत्यू झाले. आपल्याकडे अफूची कायदेशीर शेती होते, तरी कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन मिळणे कठीण. म्हणून तर 2014 मध्ये एनडीपीएस कायदा बदलावा लागला. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेत ‘अफूमुक्त’ ही चांगली दिशा आहे, पण ती जाहिरातीची ओळ झाली तर विव्हळणाऱ्या रुग्णाला गरजेचा डोसही नाकारला जाईल. तेवढाच घोळ ट्रामाडॉलचा. 2018 पासून ते एनडीपीएसच्या कक्षेत आहे, तरी ते ओपिऑइड आहे हे किती रुग्णांना सांगितले जाते?

मेडिकलमधली गोळी का नको?

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे ‘बिगर-अफू’च आहेत. पण गॅस्ट्रिक बायपासनंतर जठराची छोटी पिशवी जिथे आतड्याला जोडतात, तिथे त्यांनी व्रण होऊ शकतो. तो रक्तस्रावापर्यंत, क्वचित आतडे फुटण्यापर्यंत जातो. धूम्रपान करणाऱ्याला धोका अधिक. हा धोका शस्त्रक्रियेच्या आठवड्यापुरता नसतो, तो पुढेही राहतो. स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर काही सर्जन ती अल्पकाळ देतात, पण तो निर्णय त्यांचा. घरोघरी असलेल्या कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलसोबत 400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असते. चार वर्षांनी गुडघा दुखला म्हणून अस्थिरोगतज्ज्ञाकडे गेलेल्या रुग्णाने बायपास झाल्याचे सांगितले नाही, तर त्यालाही तीच गोळी मिळणार.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर वर्ज्य औषधांची नावे मराठीत, ठळक, ब्रँडसकट छापणे रुग्णालयांना सक्तीचे करावे. त्याला खर्च एका कागदाचा. पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादाही त्यावर हवी, कारण सर्दीच्या गोळ्यांतही ते असते आणि डोस नकळत दुप्पट होतो.

आणि वेदना वाढतच असेल, सोबत ताप किंवा नाडी जलद असेल, तर प्रश्न वेदनाशामकाचा नसून टाक्यांतून गळती होत असल्याचा असू शकतो. तेव्हा मेडिकल नव्हे, थेट सर्जनला फोन.