नुसता बीएचपी बघू नका राव!

होस्टेलमध्ये दोन वाद कधीच मिटत नाहीत. एक मेसच्या आमटीचा, दुसरा 'सगळ्यात भारी गाडी कुठली' याचा. दुसऱ्या वादात भिंतीवरच्या पोस्टरमधली लाल फेरारी एफ-४० न लढताच जिंकते. माझं मत मात्र पोर्शे ९५९ ला. का, ते आकड्यांवरूनच सांगतो.

दोघी १९८० च्या दशकातल्या. एफ-४० आली १९८७ मध्ये, फेरारीच्या चाळिशीनिमित्त. एन्झो फेरारींनी हयातीत मंजूर केलेली ही शेवटची गाडी. २.९ लिटरचं व्ही-८ इंजिन, दोन टर्बो, ४७८ हॉर्सपॉवर. ९५९ मध्ये २.८५ लिटरचं फ्लॅट-सिक्स, दोन टर्बो, ४५० हॉर्सपॉवर. वजन साधारण १४५० किलो. एफ-४० तिच्यापेक्षा निदान २०० किलोंनी हलकी. म्हणजे कागदावर मॅच संपली!

आता ० ते १०० किमी वेग बघा. कंपन्यांच्याच आकड्यांप्रमाणे एफ-४० ला ४.१ सेकंद, ९५९ ला ३.७. हलकी आणि ताकदवान गाडी मागे का पडली? उत्तर फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये आहे. टायर जमिनीला जेवढा धरतो, तेवढाच धक्का गाडीला मिळतो. एफ-४० ची सगळी ताकद मागच्या दोन चाकांवर. ९५९ ती चारही चाकांना वाटते, आणि कुठे किती द्यायची हे इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं. शिवाय तिचे टर्बो पाळीपाळीने कामाला लागतात. कमी आरपीएमला एकच, नंतर दुसरा. त्यामुळे टर्बो लॅग कमी.

टॉप स्पीडला एफ-४० पुढे, ३२४ विरुद्ध ३१७. पण हवेचा विरोध सारखा धरला तर लागणारी पॉवर वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. सव्वादोन टक्के वेगासाठी जवळजवळ सात टक्के पॉवर! जास्तीचे २८ घोडे त्या ७ किलोमीटरमध्येच खपले म्हणा ना.

फेरारीवाले म्हणतील, एफ-४० मध्ये एबीएस नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, कार्पेट नाही, दार आतून दोरी ओढून उघडायचं. खरी ड्रायव्हरची गाडी! मान्य. नको ते काढून टाकणं हेही इंजिनिअरिंगच. पण ९५९ ने अवघड प्रश्न सोडवून पुढच्यांना उत्तरं दिली. १९८६ ची पॅरिस-डकार रॅली तिने जिंकली, दुसरा नंबरही तिचाच. ऑल-व्हील ड्राइव्ह १९८९ मध्ये ९११ कॅरेरा ४ मध्ये आला, १९९५ च्या ९११ टर्बोमध्ये दोन टर्बोंच्या जोडीने. टायरमधली हवा तपासणारी यंत्रणा ९५९ मध्ये होती, आज ती साध्या गाड्यांतही मिळते.

हे सगळं कशाला? तर आपल्या गो-कार्टच्या मिटिंगमध्ये पहिला प्रश्न असतो, 'इंजिन कितीचं टाकायचं?' वर्गणीचे निम्मे पैसे तिथेच जातात. मागच्या चाकांवर वजन किती, टायर कुठला, हे प्रश्न पैसे संपल्यावर निघतात. मग ट्रॅकवर चाक फिरतं आणि कार्ट जागेवरच!

म्हणून सरांना एक विनंती. प्रोजेक्ट रिपोर्टमधल्या स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात आणखी एक रकाना सक्तीचा करा, 'हा आकडा का?' आणि व्हायवाला तेवढंच विचारा. पोस्टर खुशाल एफ-४० चं लावा मित्रांनो, पण डिझाइनला बसताना ९५९ आठवा.