शंभर फूट जास्त

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ‘स्कोप’ हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. काय करायचं आणि काय करायचं नाही, हे आधी ठरवणं म्हणजे स्कोप. घरात हा ठरवलेला स्कोप मोडणाऱ्या वाक्याची सुरुवात ठरलेली असते, ‘आलाच आहात तर...’. रंगारी येतो हॉल रंगवायला. आलाच आहात तर मोरीच्या फरश्याही बघा. मग नळ. मग गणपती तोंडावर येतात आणि हॉलमध्ये शिडी तशीच उभी!

दादरकरांना याचं भलंमोठं उदाहरण चैत्यभूमीशेजारी बघायला मिळतं. इंदू मिलच्या बारा एकर जागेवर बाबासाहेबांचं स्मारक व्हायचं आहे. भूमिपूजन 11 ऑक्टोबर 2015 ला झालं. आराखड्यात पुतळा, सभागृह, वाचनालय, संशोधन केंद्र, सगळं होतं. चौथरा 100 फूट आणि पुतळा 250 फूट. मग जानेवारी 2020 मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं की पुतळा 350 फुटांचा करायचा. सातशे कोटींच्या घरातला खर्च सुमारे 1,090 कोटींवर गेला. मुदती पुढे सरकत राहिल्या, 2025 मध्येही काम चालूच होतं.

कागदावर एक आकडा बदलला, एवढंच दिसतं. पण पुतळा उंच झाला की वजन वाढतं, समुद्रावरच्या वाऱ्याचा जोर वाढतो, आतला पोलादी सांगाडा बदलतो, आकडेमोड पुन्हा करावी लागते. शंभर फुटांची भर फक्त वरच्या टोकाला पडत नाही, ती पार पायापर्यंत पोचते.

गैरसमज नको. पुतळा नको असं मी म्हणत नाही. ज्यांना शतकानुशतकं मान खाली घालून चालायला लावलं, त्यांना मान वर करून बघावंसं वाटलं तर त्यात चूक काय? फक्त पुतळ्याची उंची वाढली म्हणून वाचनालयानेही का थांबायचं? एवढ्या उंच कामाच्या खाली लोकांना फिरू देता येत नाही हे मलाही कळतं. म्हणूनच दोन्ही कामं आराखड्यातच वेगळी काढायला हवी होती. वाचनालय आणि सभागृह आधी, त्यांना वेगळा रस्ता, वेगळी तारीख. मग पुतळ्याचं काय ते सावकाश ठरवा.

याच दादरमध्ये, पूर्वेला हिंदू कॉलनीत, ‘राजगृह’ आहे. 1930 च्या दशकात बाबासाहेबांनी ते बांधलं. खाली कुटुंबाला राहायला खोल्या, वरच्या मजल्यावर ग्रंथसंग्रह आणि कार्यालय. बस्स. घर कशासाठी बांधतोय हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. तिथे पन्नास हजारांच्या आसपास पुस्तकं होती असं सांगतात. ‘चार मिनार’ ही आपली दुसरी इमारत त्यांनी 1941 मध्ये विकली, राजगृह मात्र ठेवलं.

आणि 6 डिसेंबरला शिवाजी पार्कावर काय असतं? पुस्तकांचे स्टॉल! आपल्यातले काही जण (नातेवाईक मंडळी, तुम्हीसुद्धा!) त्या दिवशी गर्दीच्या नावाने नाक मुरडतात. एकदा त्या स्टॉलांवरून चक्कर मारून या. विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं परतताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. त्यांना विचारलं असतं, आधी काय उघडू, तर उत्तर फार अवघड नसावं.

1956 च्या त्या अंत्ययात्रेत जो वीस वर्षांचा होता, तो आता नव्वदीच्या घरात आहे. मिलच्या फाटकापाशी उभा राहून त्याने अजून किती वर्षं क्रेनच बघायच्या?