तारकर्लीच्या उकाड्यात टर्बो गाडीला कोणतं ऑइल घालायचं?

'कोकणात गरम होतं, जाड ऑइल टाका' हा सल्ला मला पटत नाही.

५डब्ल्यू-३० मधलं '५डब्ल्यू' थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतं. '३०' सांगतं की १०० अंश सेल्सिअसला ते किती घट्ट राहतं. तारकर्लीत गोठवणारी थंडी नाही, आणि बाहेरच्या उकाड्याचा हिशेब कंपनीने आधीच केलेला असतो. म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच ग्रेड घ्या.

खरा धोका परतीच्या वाटेवर, फोंडा घाट चढताना. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल इंजिनात ऑइलच्या थेंबांमुळे इंधन ठिणगीआधीच पेटू शकतं. यालाच एलएसपीआय म्हणतात. पिस्टन तडकला तर खर्च इंजिन उघडण्यापर्यंत जातो.

यापासून संरक्षण देणारं ऑइल ओळखायचं ते अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या दर्जावरून: मे २०२० पासूनचा 'एसपी', किंवा ३१ मार्च २०२५ पासूनचा नवा 'एसक्यू'. नुसतं 'फुल्ली सिंथेटिक' वाचून हे कळत नाही. काही युरोपियन गाड्यांना कंपनीची वेगळी मान्यताही लागते.

मॅन्युअलची पीडीएफ फोनमध्ये ठेवा. दुकानात डबा उलटा करा, ग्रेड आणि दर्जा जुळवा, मगच पैसे द्या. आणि घाटात गिअर खाली घ्या. ते काम कुठलंच ऑइल करत नाही.