शून्य-एकावर भागतं म्हणणाऱ्यांना

सी भाषेला बूलियनची गरज कधीच नव्हती, असं एका ज्येष्ठ प्रोग्रामरने नुकतंच ठासून सांगितलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शून्य म्हणजे खोटं, बाकी सगळं खरं, एवढ्यावर युनिक्स उभं राहिलं. वेगळा प्रकार आणून एक बिटही वाचत नाही. तेव्हा हे नवं खूळ म्हणजे नवशिक्यांचे लाड.

नवं खूळ? बूलियन अल्गोल 60मध्ये होता, सी जन्मायच्या आधी. जागा वाचत नाही हे खरं, पण जागेसाठी तो कुणी मागितलाच नव्हता. आणि युनिक्स उभारणाऱ्यांच्या कौशल्याचं श्रेय भाषेतल्या उणिवेला का द्यायचं?

खरा राग आहे तो त्या ‘बाकी सगळं खरं’वर. हा नियम इफ, व्हाइलसारख्या अटींपुरता चालतो. मूल्य कुठे साठवलं किंवा कशाशी ताडून पाहिलं, की तो कोलमडतो. समजा, एका पूर्णांकाच्या बिटांत वेगवेगळ्या खुणा ठेवल्यात आणि नववा बिट लागलाय का ते पाहायचंय. अँड केल्यावर उत्तर येतं 256. शून्य नाही, म्हणजे खरं. तेच उत्तर आठ बिटांच्या कॅरमध्ये ठेवलं की वरचा बिट कापला जातो आणि हाती उरतं शून्य. खऱ्याचं खोटं झालं आणि नेहमीच्या सेटिंगवर कंपायलर बहुधा चकार शब्द काढत नाही. सी99मध्ये आलेल्या बूलमध्ये तेच 256 ठेवून पाहा, 1 मिळेल. शून्य नसलेली कोणतीही संख्या त्यात 1 होऊनच शिरते. कॅरला टाइपडेफने बूल असं नाव दिलं म्हणून त्याला हे जमत नाही. ज्येष्ठांनी या फरकाचा उल्लेखही केलेला नाही.

ताडून पाहण्याचीही तीच गत. एखादं चिन्ह अक्षर आहे का, हे सांगणारं इसअल्फा ‘हो’साठी शून्य सोडून कोणतीही संख्या परत करू शकतं. हेडर फाइलमध्ये ट्रू म्हणजे 1 अशी व्याख्या करून त्याच्याशी तुलना करणारा कोड एका यंत्रावर चालतो, दुसऱ्यावर आपटतो. विंडोजच्या गेटमेसेजचा परतीचा प्रकार नावाने बूल, आतून इंट. चूक झाली की ते -1 देतं. -1 म्हणजे खरंच! लूप चूक पोटात घेऊन फिरत राहतो.

फंक्शनच्या प्रोटोटाइपवरही हाच वाद ऐकलाय: जाणत्याला कळतं, कशाला लिहायचं? 1989च्या प्रमाणकाने प्रोटोटाइप आणले आणि चुकीचे आर्ग्युमेंट कंपायलर पकडू लागला. जाणत्यांचेही पकडले.

आणि बूल हवा तो वाचणाऱ्यासाठी. इंट परत करणारं फंक्शन दिसलं की शून्याचा अर्थ शोधावा लागतो: फाइल काढून टाकणाऱ्या रिमूव्हमध्ये शून्य म्हणजे काम फत्ते, स्ट्रकम्पमध्ये शून्य म्हणजे दोन्ही सारखे, इसअल्फामध्ये शून्य म्हणजे नाही. घोषणेत बूल दिसला की उत्तर हो किंवा नाही, तिसरं नाही. सी23ने बूल, ट्रू, फॉल्स हे राखीव शब्दच केले आहेत, हेडरही जोडावी लागत नाही. घरगुती ट्रूच्या व्याख्या आता पुसून टाका.