भुकेला कोंडा? माशाला नाही!

"भूक लागली की खाईल हो साहेब!"

खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्याने एकदा तरी ऐकलेलं असतं. मीही ऐकलं, मान डोलावली, पैसे मोजले आणि कॉपरबँड बटरफ्लाय घरी आणला. चंदेरी अंगावर नारिंगी पट्टे, चिमट्यासारखं लांब तोंड. दिसायला काय सुंदर! 21 दिवस त्याने एका दाण्याला तोंड लावलं नाही. मग गेला. पाणी उत्तम होतं हो. अमोनिया शून्य, क्षारता जिथल्या तिथे. भरल्या टाकीत, अन्न समोर तरंगत असताना तो उपाशी मेला.

आपल्याकडे म्हण आहे, भुकेला कोंडा, निजेला धोंडा. माणसाला ठीक आहे, कारण कोंडा खाता येतो हे माणसाला माहीत असतं. कॉपरबँडला पेलेट म्हणजे काय हेच माहीत नसतं! तो आयुष्यभर खडकांच्या फटींत चोच घालून किडे वेचत आला. वरून गोल गोल काहीतरी पडतंय, हे त्याच्या लेखी अन्न नाहीच, कचरा आहे. तुमच्या ताटात कुणी थर्माकोलचे गोळे वाढले आणि "भूक लागली की खाशील" म्हणाला तर?

आणि भुकेचंच म्हणाल तर तो दुकानात येतो तेव्हाच भुकेला असतो. पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून पाठवण्याआधी माशांना उपाशी ठेवतात, ही या धंद्यातली सर्रास पद्धत आहे. म्हणजे पकडणारा, निर्यात करणारा, दुकानदार अशा सगळ्यांकडचे उपास करून तो आपल्या दारात येतो. भुकेने खायचा असता तर तिथेच नसता का खाल्ला? पोट आत गेलं, डोक्यामागचं मांस खपाटीला लागलं की मग खायला लागूनही पुष्कळदा वाचत नाही. "वाट बघा" हा सल्ला म्हणजे थंड डोक्याने केलेला खून आहे. शब्द जड वाटला तर वाटू दे.

दुसरी पार्टी असते ती "नैसर्गिक" वाल्यांची. लायनफिशला रोज जिवंत गोल्डफिश टाकायचे आणि पाहुण्यांना शिकार दाखवायची. अहो, गोल्डफिशमध्ये बी-1 जीवनसत्त्व नष्ट करणारं थायामिनेज असतं. महिनोन्‌महिने तेच खाऊन लायनफिश आजारी पडतो. आणि समुद्रातल्या लायनफिशने गोल्डफिश बघितलाय कधी? यात नैसर्गिक काय आहे? काडीच्या टोकाला कोळंबीचा तुकडा लावून त्याच्यासमोर हलवा. बहुतेक लायनफिश काही दिवसांत शिकतात. फक्त मग पाहुण्यांची करमणूक होत नाही.

सवय लावावी लागते, इतकंच. आमच्या धंद्यात नवी सिस्टिम आणताना जुनी एका रात्रीत बंद केली तर क्लायंट बोंबलतो. मासा बोंबलत नाही (बोंबीलसुद्धा नाही), म्हणून आपण खुशाल बंद करतो. नवा मासा आधी वेगळ्या, शांत टाकीत ठेवायचा. हावऱ्या डॅमसेलच्या गर्दीत बुजरा मासा काय खाणार? आधी जिवंत आर्टेमिया द्यायचे. ते टिपायला लागला की त्यांत थोडे फ्रोझन मायसिस वितळवून मिसळायचे आणि रोज जिवंतचं प्रमाण कमी करत जायचं. मायसिस बिनधास्त खायला लागला की त्याच्याच पाण्यात भिजवलेले बारीक पेलेट्स. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं, आणि उरलेलं लगेच नळीने ओढून काढायचं, नाहीतर मासा भुकेने नाही, अमोनियाने मरेल.

कॉपरबँडसाठी माझा दुसऱ्या वेळचा तोडगा मात्र थेट मासळीबाजारातला. तिसऱ्या! दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवलेली तिसरी उघडायची आणि अर्धा शिंपला मांसासकट टाकीत ठेवायचा. फटीत चोच घालायची त्याची सवय इथे कामी येते. तिसऱ्या दिवशी त्याने पहिल्यांदा टोचलं तेव्हा मी ऑफिसचा कॉल म्यूट करून ओरडलो होतो. मग त्याच रिकाम्या शिंपल्यात मायसिस दाबून भरले, मग मायसिस आणि पेलेटचा लगदा. पाच आठवडे लागले. तिसऱ्यांवरच कायमचं अवलंबून राहू नका मात्र, अनेक शिंपल्यांतही तेच थायामिनेज असतं.

"काही जाती खातच नाहीत" असं म्हणणाऱ्यांसाठी मँडरिनचं उदाहरण. समुद्रातून पकडलेला मँडरिन दिवसभर खडकावरचे कोपेपॉड टिपत असतो आणि दाण्यांकडे बहुधा ढुंकून बघत नाही. तोच मँडरिन टाकीत जन्मलेला असेल तर फ्रोझनच काय, पेलेट्ससुद्धा खातो. जात तीच, फरक शिकवणीचा. याला अपवाद आहेत. शेव्हरॉन बटरफ्लायसारखे मासे फक्त प्रवाळ खाऊन जगतात. तिथे हिरोगिरी करू नका, आणूच नका. "माझ्याकडे जगेल" असं वाटणारे खूप होऊन गेले, त्यांचे मासेही.

आपण लोक स्किमरवर हजारो रुपये उधळतो, दिव्यांच्या स्पेक्ट्रमवर तासन्‌तास वाद घालतो. आणि दुकानात साधा प्रश्न विचारायला लाजतो, "हा काय खातो? खाऊन दाखवा." मोबाइल घेताना चालू करून बघता ना?

गेल्या शनिवारी मी विचारलं. दुकानदाराने वैतागून चिमूटभर दाणे टाकले. डॅमसेलनी क्षणात फस्त केले. कॉपरबँड कोपऱ्यात काचेकडे तोंड करून तसाच.

"सकाळीच खाल्लंय त्याने, पोट भरलंय," दुकानदार म्हणाला.

पोट पाठीला लागलं होतं. मी पाकीट परत खिशात ठेवलं.