पायलट व्हायला टक्के नाही, विषय आडवे येतात

महाळुंगे (ता. खेड) : दहावीचा निकाल लागला की महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, खालुंब्रे या पट्ट्यात घरोघर एकच हिशोब सुरू होतो. टक्के बरे असतील तर डिप्लोमा, कमी असतील तर आयटीआय, आणि तेही नाही जमलं तर ठेकेदाराकडून कंपनीत. लोहगावच्या सुखोईचा आवाज आला की पोरं मान वर करून बघतात. पण वायुदलात पायलट व्हायचं म्हटलं की घरातलंच कोणीतरी म्हणतं, "त्याला नव्वद टक्के लागतात, आपलं काम नाही."

हे खरं नाही. बारावीनंतर वायुदलात पायलट होण्याचा मुख्य रस्ता म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए. तिथल्या वायुदल शाखेसाठी भौतिक, रसायन आणि गणित हे विषय घेऊन बारावी पास एवढीच शैक्षणिक अट आहे. टक्केवारीची अट नाही. बारावीला बसलेला विद्यार्थीही अर्ज करू शकतो. गंमत अशी, की त्याच वायुदलात अग्निवीरवायू व्हायला बारावीत ५० टक्के लागतात, अधिकारी व्हायच्या या परीक्षेला मात्र नुसतं पास चालतं. आपल्याकडे अनेकांना या दोन भरत्यांतला फरकच माहीत नाही. अग्निवीरवायू विमान उडवत नाही.

दार कुठे बंद होतं?

दार बंद होतं ते अकरावीच्या प्रवेशाला. कला किंवा वाणिज्य घेतलं की एनडीएतून वायुदल संपलं. विज्ञान घेऊन गणित सोडलं आणि जीवशास्त्र ठेवलं तरी तेच. आपल्या पट्ट्यात सगळ्यात जास्त चालणारा दहावीनंतरचा डिप्लोमा हाही या परीक्षेत बारावीच्या जागी धरला जात नाही. म्हणजे ८५ टक्क्यांचा डिप्लोमावाला बाहेर आणि ५० टक्क्यांचा बारावी सायन्सवाला आत, असा प्रकार आहे. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगची पदवी घेतली तर सीडीएस परीक्षेचा रस्ता उरतो. बाकी पदवीधरांनाही सीडीएसने पायलट होता येतं, पण बारावीला भौतिक आणि गणित असावंच लागतं. तिथेही टक्क्यांची अट नाही. एफकॅट या वायुदलाच्या स्वतःच्या परीक्षेला मात्र बारावीत गणित व भौतिक या दोन्हींत ५०-५० टक्के आणि पदवीला ६० टक्के लागतात. त्यामुळे कमी मार्कवाल्याने एफकॅटच्या भरवशावर राहू नये.

वयाचं गणितही कडक आहे. एनडीएला साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, सीडीएस व एफकॅटने पायलट व्हायला २० ते २४. दोन वर्षं कंपनीत काढून मग बघू म्हटलं तर एनडीएची गाडी निघून गेलेली असते.

मग सोपं आहे का?

अजिबात नाही. एनडीएची लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यात गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. चुकीच्या उत्तराला गुण कापतात. २०१९ ते २०२४ या काळात लेखीचा कटऑफ ९०० पैकी साधारण २९० ते ३६० राहिला. म्हणजे चाळीस टक्के किंवा त्याच्या आत. बोर्डात ५५ टक्के पडलेल्या पोराने अकरावी-बारावीचं गणित पाठ न करता समजून घेतलं, तर हा आकडा आवाक्याबाहेरचा नाही. खरी अडचण भाषेची आहे. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. शिवाय इंग्रजीचेच वेगळे २०० गुण आहेत. आपल्या शाळांतली पोरं अडतात ती इथे.

पुढे पाच दिवसांची एसएसबी मुलाखत, तिचे पुन्हा ९०० गुण. तिथे दहावीचे मार्क कामाला येत नाहीत. गटात कसा वागतो, जबाबदारी घेतो का, खरं बोलतो का, हे बघतात. पायलटसाठी त्याशिवाय संगणकावरची वैमानिक निवड चाचणी असते, ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झाला तर पायलटचा रस्ता कायमचा बंद. आणि वैद्यकीय तपासणी: उंची किमान १६२.५ सेंमी, पायांची लांबी मापात, नजर चांगली, रंग ओळखता आले पाहिजेत. त्यामुळे क्लासची फी भरण्याआधी डोळे तपासून घेतलेले बरे. हजार रुपयांत कळणारी गोष्ट लाख रुपये घालवून कळू नये.

जागाही मोजक्याच. अलीकडच्या जाहिरातींत एनडीएतून फ्लाइंगसाठी ९२ जागा आहेत, त्यात मुलींना फक्त २. मुलींना एनडीए २०२२ पासून खुली झाली आणि पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली.

साधारण विद्यार्थ्याचं उदाहरण

ग्रुप कॅप्टन वरुण सिंह हे नाव २०२१ च्या कुन्नूर हेलिकॉप्टर अपघातामुळे सगळ्यांना कळलं. त्याआधी २०२० मध्ये हवेत बिघडलेलं तेजस विमान त्यांनी सुखरूप उतरवलं होतं, त्यासाठी शौर्य चक्र मिळालं. ते मिळाल्यावर त्यांनी आपल्या जुन्या शाळेला पत्र लिहिलं. आपण अगदी साधारण विद्यार्थी होतो, बारावीला जेमतेम फर्स्ट क्लास मिळाला, खेळातही पुढे नव्हतो, पण विमानांचं वेड होतं, असं त्यांनी त्यात कळवलं. बारावीचे मार्क आयुष्याचं माप नाहीत, हा त्या पत्राचा अर्थ. ते एनडीएतूनच घडले होते.

खर्चाचं म्हणाल तर खाजगी पायलटच्या कोर्सला जमीन विकावी लागते. एनडीएत शिक्षण, राहणं, जेवण सरकारचं, आणि पुढच्या अकादमीतल्या प्रशिक्षणात महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन. तयारीसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, मुलींसाठी नाशिकला २०२३ पासून. पण तिथला अर्ज दहावीत असतानाच भरावा लागतो, निकालानंतर चौकशी करून उपयोग नाही.

सगळेच पायलट होणार नाहीत, बहुतेक जण होणार नाहीत. पण विज्ञान आणि गणित ठेवून बारावी केलेल्या पोराचं नुकसान काही होत नाही, इंजिनिअरिंग आणि कंपनी त्याला उघडीच राहते. गणित सोडलं तर मात्र एक दार कायमचं लागतं, आणि ते लागलं हे घरात कुणाला कळतसुद्धा नाही. खडकवासला महाळुंग्यापासून गाडीने दीड-दोन तासांवर आहे. अकरावीचा फॉर्म भरताना घरच्यांनी एवढं एकदा तरी पोराला किंवा पोरीला विचारावं.