ते लोक गेले कुठे?

‘रहस्यमयरीत्या लुप्त झालेल्या संस्कृतीं’च्या यादीत या आठवड्यात पुन्हा एकदा चाको कॅन्यन दिसलं आणि या सदराचा पारा चढला. नेहमीच्या वाचकांना हा राग ओळखीचा आहे. या खेपेला तो थोडा जास्त आहे, कारण हीच समजूत डोक्यात घेऊन आलेल्या पाहुण्यांना रोज सामोरी जाणारी माणसं तिथे आहेत, आणि त्यातली कित्येक बिनपगारी आहेत.

आधी माहिती. चाको अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, वायव्येकडच्या रूक्ष पठारावर. १९०७ मध्ये संरक्षित स्मारक, १९८० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान, १९८७ मध्ये जागतिक वारसा. घारापुरीची लेणीही त्याच वर्षी त्या यादीत गेली. इ.स. ८५०च्या सुमारापासून पुढची तीनेक शतकं इथे दगडी महावास्तू उभ्या राहत होत्या. प्वेब्लो बोनिटो ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. सहाशेहून अधिक खोल्या, काही भागांत चार मजले.

घारापुरीला गेटवेहून लाँच मिळते. चाकोला जायचं तर शेवटचे १३ मैल खडबडीत कच्चा रस्ता, आणि पाऊस झाला की तिथली चिकणमाती अशी निसरडी होते की साध्या गाडीचं काही चालत नाही. आत पेट्रोल नाही, खानावळ नाही, मोबाइलला रेंज जवळपास नाहीच. फोनमधला नकाशा दाखवील त्या वाटेनं येऊ नका, असं उद्यानच बजावतं.

अशा जागी हंगामी स्वयंसेवक येऊन राहतात, तेही महिनोन्‌महिने. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतली ही स्वयंसेवक योजना १९७० पासून कायद्याच्या आधारानं चालते. राहायला खोली, किंवा स्वतःचं फिरतं घर उभं करायला वीज-पाण्यासह जागा. बदल्यात आठवड्याला ठरलेले तास काम. निवृत्त जोडपी यात पुष्कळ. किराणा भरायचा तर फार्मिंग्टन गाठायचं, म्हणजे त्यात दिवस गेलाच. पगारी रेंजरच्या जागा रिकाम्या ठेवून त्यांचं काम या माणसांवर ढकलणं कुठल्याही सरकारला शोभणारं नाही, हे इथेच सांगितलेलं बरं.

आणि काम तरी काय? माहिती केंद्राच्या काउंटरवर उभं राहायचं. पिण्याचं पाणी कुठे मिळेल, पाऊस आला तर परतीचा रस्ता चालू राहील का, हाताशी दोनच तास असतील तर नऊ मैलांच्या फेरीत काय पाहावं, भिंतींवर का चढू नये, खापराचा तुकडा खिशात का घालू नये. आणि मग हमखास येणारा प्रश्न: ते लोक गेले कुठे?

इथे काउंटरवरच्या माणसाचा कस लागतो. पाटी वाचून लोक पुढे सरकतात. समोरचा माणूस डोळ्यांत पाहून सांगतो तेव्हा थांबतात.

ते लोक कुठेही नाहीसे झालेले नाहीत. ११३०च्या सुमारास दीर्घ दुष्काळ सुरू झाला, मोठी बांधकामं थांबली, विधींची आणि सत्तेची केंद्रं दुसरीकडे गेली आणि कुटुंबंही पाण्याच्या, शेतीच्या शोधात पांगली. होपी, झुनी, आकोमा आणि रिओ ग्रांदे नदीकाठच्या प्वेब्लो गावांतली माणसं त्यांचीच वंशज आहेत. त्यांच्या मौखिक परंपरेत चाको हा पूर्वजांच्या प्रवासातला मुक्काम आहे. आजही ती तिथे प्रार्थनेला येतात. नावाहो लोकांचंही या भूमीशी नातं आहे. उद्यानाच्या आसपास त्यांची वस्ती आहे. एवढी माणसं जिवंत असताना त्यांच्या पूर्वजांना ‘लुप्त’ म्हणायचं, हा त्यांचा अपमान आहे.

आणि त्यातून नुकसानही झालेलं आहे. घरधनी नाहीसा झाला असं एकदा ठरलं की घरातला ऐवज उचलायला मोकळीक मिळते. १८९६ पासून प्वेब्लो बोनिटोत उत्खनन झालं आणि वस्तूंचे ढीग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात गेले. वंशजांची परवानगी विचारावी, असं तेव्हा कुणाला वाटलं नाही.

गूढाच्या नादात खरी नवलाई मात्र बाजूला पडते. प्वेब्लो बोनिटोतल्या उभट, नळकांड्यासारख्या भांड्यांच्या खापरांत कोकोचे अंश असल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं. कोकोचं झाड या कोरड्या मुलखात जगणंच शक्य नाही. बिया आल्या त्या थेट दक्षिणेकडच्या उष्ण प्रदेशातून, शेकडो मैलांवरून. तिकडचेच मकाव पोपटही इथे सापडले आहेत. घोडा नाही, गाडी नाही, सगळी वाहतूक माणसाच्या पाठीवर. छताच्या तुळयासुद्धा दूरच्या डोंगरांतून आणलेल्या. एवढा पसारा ज्यांनी उभा केला, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं इतकं असताना परग्रहवासीयांचे व्हिडिओ कशाला हवेत?

याद्या करणाऱ्यांचा आणखी एक लाडका विषय म्हणजे फहाडा ब्यूट. या सुळक्यावर तीन शिळांच्या फटींतून येणारा उन्हाचा कवडसा कोरलेल्या सर्पिल आकृतीवर पडून ऋतू दाखवतो, हे १९७७ मध्ये लक्षात आलं. मग पाहायला येणाऱ्यांची पावलं वाढली, शिळांच्या बुडाची माती झिजली, आणि १९८९ मध्ये शिळा सरकल्याचं आढळलं. कवडसा आता पूर्वीच्या जागी पडत नाही. पाहुण्यांना वर जायला बंदी आहे. इतक्या लांबून आलो, असं म्हणत लोक नाराज होतात, हुज्जतही घालतात. आणि स्वयंसेवकाला हे कारण दिवसातून कितीदा तरी, पण प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगतोय अशा आस्थेनं, सांगावं लागतं.